प्रोपेनचा दर विचारण्याआधी टाकी कुणाची आहे, ते विचारा

पेनसिल्व्हेनियातील पोकोनो भागात गेल्या वर्षी घर घेतलेल्या एका मराठी कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतील त्यांच्या अपार्टमेंटमध्ये नैसर्गिक वायू नळाने येत असे. नव्या घरात फर्नेस, पाणी तापवण्याचा हीटर आणि स्वयंपाकाची शेगडी ही तिन्ही प्रोपेनवर चालतात आणि अंगणात कंपनीची ५०० गॅलनची भाड्याची टाकी आहे. पहिल्या वर्षी सुमारे ९०० गॅलन लागले. जानेवारीत त्यांना गॅलनला ३.८९ डॉलर दर पडला. त्याच आठवड्यात समोरच्या घराला तोच गॅलन २.७९ डॉलरला मिळाला. ग्रिलसाठी ते किराणा दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून २४ डॉलर देऊन टाकी बदलून आणतात आणि ती महिनाभरही पुरत नाही. आपली फसवणूक होते आहे का आणि स्वस्त प्रोपेन नेमके कुठे मिळते, असे त्यांनी विचारले आहे. पुढच्या डिसेंबरात पाच आठवडे भारतात जाणार असल्याचाही उल्लेख त्यांनी केला आहे आणि तो त्यांना वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

मी या धंद्यात १९ वर्षे आहे. पहिली सात वर्षे बॉबटेल, म्हणजे घरोघरी प्रोपेन पोहोचवणारा लहान टँकर चालवला आणि त्यानंतर दरपत्रके तयार करण्याच्या व गाड्यांच्या फेऱ्या आखण्याच्या कामावर कार्यालयात आलो. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात आपण १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर घेतो तेव्हा त्या शहरात त्याचा दर सर्वांना सारखा असतो, तो वर्तमानपत्रात छापून येतो आणि एजन्सीशी घासाघीस करण्याचा प्रश्नच येत नाही. ती सवय घेऊन आपण अमेरिकेत येतो आणि कंपनीने बिलावर छापलेला आकडा हाच ‘प्रोपेनचा दर’ असे समजतो. येथे असा एकच दर नसतो. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एकाच टँकरमधून उतरलेल्या प्रोपेनला तीन घरांत तीन दर लागलेले मी स्वतः दरपत्रकावर पाहिले आहेत. टाकी कुणाच्या मालकीची, वर्षाला किती गॅलन लागतात, उन्हाळ्यात आगाऊ करार केला होता का आणि ग्राहक नवा आहे की जुना, यांवर तो ठरतो. तेव्हा तुमची फसवणूक झालीच आहे असे मी म्हणणार नाही. न विचारणाऱ्या ग्राहकाला जो दर लागतो, तो तुम्हाला लागला आहे.

आता मुख्य मुद्दा. टाकी कंपनीच्या मालकीची असेल, तर दुसऱ्या कोणत्याही विक्रेत्याला तिच्यात प्रोपेन भरता येत नाही. द्रवरूप पेट्रोलियम वायूसाठी अमेरिकेत पाळले जाणारे एनएफपीए ५८ हे सुरक्षामानकच सांगते की टाकी तिच्या मालकाने किंवा मालकाच्या परवानगीनेच भरावी. म्हणून शेजारच्या कंपनीचा दर एक डॉलरने कमी असल्याचे कळूनही तुम्हाला त्याचा आज उपयोग नाही. दर विचारत फिरण्यात तुमची संध्याकाळ जाईल आणि शेवटी फोन त्याच कंपनीला करावा लागेल.

त्यामुळे सर्वांत आधी घरखरेदीची कागदपत्रे आणि टाकीचा करार काढून वाचावा. टाकीवर कंपनीचे नाव रंगवलेले आहे, एवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. विकून टाकलेल्या टाक्यांवरही जुनी स्टिकरे वर्षानुवर्षे तशीच राहतात. टाकीच्या घुमटाकार झाकणाजवळ धातूची एक पाटी वेल्ड केलेली असते आणि तिच्यावर अनुक्रमांक, उत्पादनाचे वर्ष व पाण्याच्या मापातील क्षमता कोरलेली असते. तो अनुक्रमांक करारातील क्रमांकाशी जुळतो का, ते पाहावे. मी बॉबटेल चालवत असताना एका वृद्ध बाईंच्या घरी ही पाटी वाचली, तर क्रमांक आमच्या नोंदीत नव्हताच. त्यांच्या पतीने ती टाकी अनेक वर्षांपूर्वी विकत घेतली होती आणि त्या मात्र स्वतःच्याच टाकीचे भाडे भरत होत्या. त्या दिवशी मी पाटीवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून क्रमांक कागदावर उतरवून त्यांच्या हातात दिला. म्हणून ही तपासणी किरकोळ समजू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

टाकी भाड्याचीच निघाली, तर ती विकत घ्यावी का? याचे उत्तर वापरावर अवलंबून आहे आणि त्यासाठी एक साधे गणित पुरते. समजा स्वतःची टाकी असल्यावर तुम्हाला मिळणारा दर सरासरी ७० सेंटांनी कमी आहे. समोरच्या घराशी दिसणारा १ डॉलर १० सेंटांचा पूर्ण फरक मी धरत नाही, कारण त्यांनी उन्हाळी करार केलेला असू शकतो. ९०० गॅलनांवर ६३० डॉलर वाचतात. वार्षिक भाडे १०० डॉलर असेल तर एकूण ७३०. जुनी टाकी काढणे, नवी बसवणे, जोडणी व तपासणी असा सगळा खर्च समजा ३,००० डॉलर आला, तर तो चार वर्षांहून थोड्या अधिक काळात वसूल होतो. पोलादी टाकी नीट रंगवून ठेवली तर कित्येक दशके टिकते. त्या घरात सहा-सात वर्षे राहण्याचा विचार असेल, तर माझ्या मते टाकी विकत घ्यावी. जिथे प्रोपेन फक्त शेगडीला लागते आणि वर्षाचा वापर शंभर-दीडशे गॅलनांवर जात नाही, तिथे भाड्याची टाकीच बरी, कारण रेग्युलेटर बदलणे आणि टाकीची निगा राखणे ही कामे मालकाच्या गळ्यात पडतात.

नवी टाकी मागवण्याआधी सध्याच्या कंपनीला आहे तीच टाकी विकणार का, हे अवश्य विचारावे. टाकी जमिनीत पुरलेली असेल तर उत्तर बहुधा अनुकूल येते, कारण ती उकरून काढणे कंपनीलाही परवडत नाही. मात्र पुरलेल्या टाकीला गंजापासून वाचवणारा अॅनोड जोडलेला असतो. त्याची तपासणी करून घेतल्याशिवाय व्यवहार करू नये. करार मोडताना टाकीत उरलेल्या प्रोपेनचे काय होणार, हेही लेखी विचारून घ्यावे. काही करारांत उरलेला वायू उपसून नेण्याचे शुल्क ग्राहकालाच लागते, तर काहींत त्याचे पैसे परत मिळतात. म्हणून टाकी बदलायची असेल तर ती २० टक्क्यांच्या आसपास आलेली असताना, वसंताच्या अखेरीस बदलावी.

टाकी विकत घेणे या वर्षी शक्य नसले, तरी दराबद्दल बोलायला जागा असते. कंपनीला फोन करून ‘माझा वार्षिक वापर ९०० गॅलन आहे, या वापराच्या ग्राहकाला तुमचा दर काय, आणि पुढील बारा महिने तो कसा ठरेल?’ असे सरळ विचारावे. ज्या बाजूला मी आता बसतो, तिथून सांगतो: वर्षाला ९०० गॅलन घेणारे घर कोणत्याही विक्रेत्याला गमवायचे नसते. नव्या ग्राहकाला पहिल्या वर्षी कमी दर देऊन दुसऱ्या वर्षी तो गुपचूप वाढवण्याची पद्धतही धंद्यात आहे. तेव्हा जाहिरातीतल्या पहिल्या आकड्यावर भाळू नये. तुलना करताना केवळ गॅलनचा दर धरू नये. धोकादायक मालाचे शुल्क, इंधन अधिभार, टाकीचे भाडे, वर्षाला ठरावीक गॅलन न घेतल्यास लागणारा आकार या सगळ्यांसह वर्षभरात जेवढे पैसे गेले, त्याला वर्षभरातील गॅलनांनी भागावे. जो आकडा येईल, तो तुमचा खरा दर. ऑक्टोबर ते मार्च या काळात अमेरिकी सरकारची ऊर्जा माहिती संस्था, म्हणजे ईआयए, बऱ्याच राज्यांतील घरगुती प्रोपेनचा सरासरी दर दर आठवड्याला जाहीर करते. फोन करताना तो आकडा समोर असावा.

आता कधी घ्यावे, याविषयी. घरे तापवण्यासाठी प्रोपेनची मागणी हिवाळ्यात वाढते आणि साधारण एप्रिल ते सप्टेंबर या काळात देशातील साठे भरत जातात, म्हणून उन्हाळ्यातील दर सहसा कमी असतो. ‘सहसा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण टेक्सासमधील माँट बेल्व्ह्यू आणि कॅन्ससमधील कॉनवे या मोठ्या साठवण केंद्रांवर घाऊक भाव ठरतो आणि तो निर्यात, तेलाचे दर व हवामान यांनुसार कोणत्याही महिन्यात हलू शकतो. कार्यालयातील माझा पहिलाच हिवाळा २०१३-१४ चा होता. त्या शरदात मध्य-पश्चिमेतील मक्याचे पीक मोठे आणि ओले निघाले, ते वाळवण्यासाठी प्रचंड प्रोपेन खर्ची पडले, कॅनडातून मध्य-पश्चिमेत प्रोपेन आणणारी कोचिन पाइपलाइन बंद होण्याच्या बेतात होती आणि त्यातच जानेवारीत ध्रुवीय थंडीची लाट आली. जानेवारी २०१४ च्या अखेरीस घरगुती दराची देशातील सरासरी गॅलनला ४ डॉलरच्या घरात गेली. अनेक राज्यांत टँकरचालकांच्या कामाच्या तासांची मर्यादा तात्पुरती शिथिल करावी लागली. आमचे चालक भरणा केंद्रावर रात्रभर रांगेत असत आणि माझ्या टेबलावरचा फोन थांबत नसे. त्या दिवसांत उन्हाळी करार केलेल्या घरांची आणि गरज पडेल तेव्हा फोन करणाऱ्या घरांची बिले मी एकाच टेबलावर तयार केली आणि काही घरांत तो फरक दुपटीचा होता.

त्या अनुभवानंतर मी ओळखीच्या प्रत्येकाला एकच सल्ला देतो: अपेक्षित वापराच्या सुमारे दोनतृतीयांश गॅलनांचा करार उन्हाळ्यात करावा आणि उरलेले बाजारभावाने घ्यावे. पूर्ण वापराचा करार केला आणि हिवाळा सौम्य गेला, तर पैसे अडकतात. करारांचेही प्रकार आहेत. एकात सगळे पैसे आधी भरून ठरावीक दर मिळतो. भाव उतरला तरी दर तोच राहतो. दुसऱ्यात दराला कमाल मर्यादा असते, भाव पडला तर फायदा तुम्हालाच मिळतो, पण त्यासाठी वेगळे शुल्क असते. महिन्याचे समान हप्ते हा तिसरा प्रकार; त्याने दर कमी होत नाही, फक्त जानेवारीचा धक्का वाटला जातो. आगाऊ पैसे भरताना न वापरलेले गॅलन पुढच्या वर्षी चालतील की नाही, हे लेखी घ्यावे. आणि पुष्कळ वर्षे टिकून असलेल्या, तुमच्या भागात नाव असलेल्या विक्रेत्याकडेच आगाऊ रक्कम ठेवावी, कारण विक्रेता बुडाला तर तुमची रक्कमही अडकते.

टाकी किती टक्के भरली आहे हे दाखवणाऱ्या काट्याबद्दल थोडे समजून घ्या, कारण त्यातून अनावश्यक वाद आणि अनावश्यक खर्च दोन्ही होतात. प्रोपेन उष्णतेने बरेच प्रसरण पावते. तापमान दहा अंश फॅरनहाइटने वाढले तर त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते. म्हणून टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरतात. ५०० गॅलनच्या टाकीत ४०० गॅलन म्हणजेच ती पूर्ण भरली. नव्याने घर घेतलेले लोक काट्यावर ८० पाहून माल कमी दिला असे समजतात. ते तसे नाही. टँकरवरचे मीटर गॅलनांची संख्या ६० अंश तापमानावर आणून मोजते. तुम्ही एवढेच करावे की गाडी येण्याच्या सकाळी काटा किती टक्के दाखवतो त्याचा फोनवर फोटो काढावा आणि गाडी गेल्यावर पुन्हा काढावा. २५ वरून ८० झाले असतील तर ५५ टक्के, म्हणजे २७५ गॅलनांच्या आसपास बिल यायला हवे. काटा काटेकोर नसतो, त्यामुळे दहा-पंधरा गॅलनांच्या फरकावर भांडू नये. साठ-सत्तर गॅलनांचा फरक असेल, तर मात्र मीटरची छापील पावती मागावी.

मागणी नोंदवून घेत असाल तर टाकी ३० टक्क्यांवर आली की फोन करावा. टाकी रिकामी होऊ दिली तर तातडीच्या फेरीचे शुल्क लागते आणि त्यावर गळतीचाचणीचा खर्चही येतो, कारण रिकाम्या झालेल्या यंत्रणेत पुन्हा वायू सोडण्यापूर्वी ती चाचणी करावीच लागते. चाचणी तुमच्या जिवासाठी आहे, तिच्यावर नाराज होऊ नये. ती करण्याची वेळ येऊ देऊ नये. उलट टोकाला, ६० टक्के असताना गाडी बोलावली तर थोड्या गॅलनांसाठी पूर्ण फेरीचा खर्च पडतो. तुमच्या रस्त्यावर प्रोपेनवरची चार-पाच घरे असतील आणि त्यांच्या टाक्या स्वतःच्या असतील, तर त्यांनी एकत्र मागणी नोंदवून एकाच दिवशी टँकर बोलावावा. विक्रेत्याचा मोठा खर्च गाडी एका घराकडून दुसऱ्या घराकडे नेण्यात असतो. तो वाचला की दर कमी करायला त्याची ना नसते.

आता ग्रिलकडे वळतो, कारण तिथे रक्कम लहान असली तरी गॅलनामागे सर्वाधिक पैसे तिथेच जातात. तुमच्या ग्रिलच्या टाकीला ‘२० पौंडांची’ म्हणतात आणि ती योग्य मर्यादेपर्यंत भरली तर तिच्यात २० पौंड, म्हणजे सुमारे ४.७ गॅलन वायू मावतो. पिंजऱ्यातून मिळणाऱ्या बदली टाकीत मात्र साधारण १५ पौंडच असतात आणि ते वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेलेही असते. पूर्वी ते १७ होते. २००८ मध्ये या क्षेत्रातील दोन मोठ्या कंपन्यांनी ते १५ वर आणले आणि त्या दोघींनी संगनमत केल्याचा आरोप ठेवून फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये कारवाई केली, ती पुढे समझोत्याने मिटली. तुमचे २४ डॉलर १५ पौंडांना विभागले तर पौंडाला १ डॉलर ६० सेंट होतात. टाकी भरून देणाऱ्या ठिकाणी, म्हणजे ट्रॅक्टर सप्लायची बरीच दुकाने, यू-हॉलची अनेक केंद्रे किंवा गावातील प्रोपेन विक्रेता यांच्याकडे, समजा गॅलनला ४ डॉलर घेतले, तर पूर्ण २० पौंड १९ डॉलरच्या आत मिळतात, म्हणजे पौंडाला ९४ सेंट. काही ठिकाणी गॅलनवर पैसे घेतात, काही ठिकाणी टाकीमागे ठरावीक रक्कम. पहिल्या प्रकारात अर्धी टाकी घेऊन गेलात तरी चालते, दुसऱ्यात ती पूर्ण संपवूनच न्यावी.

बदली टाकीत आणखी एक तोटा दडलेला आहे. जी टाकी तुम्ही परत करता, तिच्यात उरलेला वायू तुम्ही फुकट देऊन येता. हे टाळण्यासाठी न्हाणीघरातला वजनकाटा पुरतो. टाकीच्या वरच्या कड्यावर ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते. भारतात सिलिंडर आला की आपण त्यावरचे रिकामे वजन वाचून काट्यावर तोलून घेतो, तेच येथे करायचे. कड्यावर १६.८ आहे आणि काटा १९.५ दाखवतो, तर आत अजून २.७ पौंड वायू आहे, म्हणजे तुम्ही विकत घेतलेल्या १५ पौंडांतील जवळजवळ पाचवा भाग.

‘टाकी संपली’ असे वाटण्याचे एक कारण मी लोकांच्या अंगणात उभे राहून किती वेळा पाहिले, याची गणती नाही. ज्योत बारीक राहते, ग्रिल २५०-३०० अंश फॅरनहाइटच्या वर जात नाही आणि मालक टाकी बदलायला निघतो. त्या टाकीत वायू भरपूर असतो. टाकी आणि नळी यांच्या जोडणीत एक सुरक्षायंत्रणा असते. बर्नरचा नॉब आधीच उघडा असताना टाकीचा व्हॉल्व्ह झटक्यात फिरवला तर ती यंत्रणा गळती झाली असे समजून वायूचा प्रवाह अगदी कमी करते. उपाय असा: सर्व नॉब बंद करावेत, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा, जोडणी सोडवून मिनिटभर थांबावे, पुन्हा जोडावी, मग व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडावा आणि त्यानंतरच बर्नर पेटवावा. तुमची टाकी महिनाभरही पुरत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. त्यातल्या एक-दोन टाक्या बहुधा अर्ध्या भरलेल्याच परत गेल्या असाव्यात.

पिंजऱ्याचा एक उपयोग मात्र मी आवर्जून सांगतो. टाकीच्या कड्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्षही कोरलेले असते. त्या तारखेपासून साधारण १२ वर्षांनी तिची पुन्हा तपासणी झाल्याशिवाय कोणीही प्रामाणिक विक्रेता ती भरून देत नाही. तुमची टाकी त्या मुदतीला आली असेल, तर एकदाच ती बदलून घ्यावी, घेताना कड्यावरची सर्वांत नवी तारीख निवडावी आणि पुढे तीच टाकी वर्षानुवर्षे भरून घ्यावी.

तुमच्या घरी ५०० गॅलनची टाकी आहेच, तर ग्रिल थेट घराच्या वाहिनीला का जोडू नये, असे कोणीही विचारील. जोडता येते, पण त्यातील हिशेब पाहा. वर्षाला समजा सात बदली टाक्या, म्हणजे १६८ डॉलर. तेवढाच वायू, सुमारे २५ गॅलन, घरच्या टाकीतून ३ डॉलर दराने ७५ डॉलरला पडतो. वर्षाला नव्वद-पंच्याण्णव डॉलर वाचतात आणि वाहिनी काढण्याचा खर्च त्याच्या कित्येक पट असू शकतो. म्हणून केवळ त्यासाठी माणूस बोलावू नये; टाकी बदलण्यासाठी तंत्रज्ञ येणारच असेल, तेव्हा हे काम जोडून घ्यावे. हे काम परवानाधारकानेच करायचे आहे, कारण घराच्या वाहिनीतील दाब आधीच अगदी कमी केलेला असतो आणि ग्रिलच्या नळीवरचा रेग्युलेटर त्यासाठी बनवलेला नसतो.

बचतीच्या नावाखाली काय करू नये, हेही लिहिले पाहिजे. भारतात सिलिंडर ओट्याखाली असतो, म्हणून ग्रिलची टाकी घरात आणून शेगडीला जोडणारे आपले लोक मी पाहिले आहेत. येथे २० पौंडांची टाकी घरात, तळघरात किंवा घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये ठेवायची नसते. प्रोपेन हवेच्या दीडपट जड आहे. गळती झाली तर ते तळघरात उतरून साचते आणि तेथे फर्नेसची ज्योत असते. गणपतीच्या महाप्रसादासाठी मोठ्या बर्नरवर कढई चढवायची असेल, तर पाऊस असला तरी ती गॅरेजचे दार उघडे ठेवून आत चढवू नये, बाहेर मांडव घालावा. एका घरी मी गॅरेजमध्ये पाऊल टाकले तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा गजर वाजत होता आणि आतली माणसे तो बिघडला असे समजून त्याची बॅटरी काढत होती.

प्रोपेन महाग पडते म्हणून खोल्यांमध्ये विजेचे लहान हीटर लावणाऱ्यांची चूकही तशीच समजुतीतून होते. एका गॅलनात सुमारे ९१,५०० बीटीयू उष्णता असते, म्हणजे विजेची जवळजवळ २७ युनिटे. चांगल्या फर्नेसमधून त्यातली २५ युनिटांएवढी घरात येते. वीज युनिटला १८ सेंट असेल, तर तेवढी उष्णता साध्या विजेच्या हीटरने मिळवायला साडेचार डॉलर लागतात. म्हणजे तो तुमच्या ३.८९ डॉलरच्या गॅलनपेक्षाही महाग आहे. उष्मापंप (हीट पंप) मात्र विजेच्या एका युनिटातून अडीच-तीन युनिटांएवढी उष्णता आत आणतो आणि त्यामुळे तीच गरज पावणेदोन डॉलरच्या आसपास भागते. वातानुकूलन यंत्र बदलायची वेळ येईल तेव्हा उष्मापंप बसवून सौम्य थंडीत तो आणि कडाक्याच्या थंडीत प्रोपेन, अशी जोडी ठेवण्याचा विचार जरूर करावा.

शेवटी तुमची भारतवारी. तुमची कंपनी आपणहून गाडी पाठवते की तुम्ही फोन केल्यावर, ते आधी पाहा. आपणहून येणाऱ्या गाडीमागे असा हिशेब असतो: दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंशांपेक्षा जितके खाली, तितके त्या दिवसाचे ‘डिग्री-डे’. सरासरी २५ अंश असेल तर ४०. तुमचे घर आठ डिग्री-डेमागे एक गॅलन जाळते असे आमच्या संगणकात नोंदलेले असेल, तर तो त्या दिवशी पाच गॅलन जळले असे धरतो. तुम्ही पुण्यात किंवा साताऱ्यात असता, थर्मोस्टॅट खाली असतो, शेगडी आणि गरम पाणी बंद असते, पण संगणकाला ते ठाऊक नसते. पाच आठवड्यांत तो दीडशेच्या वर गॅलन जळल्याचे धरतो आणि जानेवारीच्या दराने अर्ध्याहून अधिक भरलेल्या टाकीवर गाडी पाठवतो. म्हणून निघण्यापूर्वी दोन आठवडे कंपनीला जाण्याच्या व येण्याच्या तारखा ईमेलने कळवा आणि त्या काळात तुम्हाला विचारल्याशिवाय टाकी भरू नये असे लिहा. निघताना टाकी किमान ५० टक्के असू द्या, थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या खाली नेऊ नका, पाण्याचा मुख्य नळ बंद करा आणि समोरच्या घरी किल्ली ठेवून आठवड्यातून एकदा टाकीचा काटा पाहायला सांगा. त्यांना २.७९ चा दर कसा मिळाला, हेही त्याच वेळी विचारून घ्या.